एक घड्याळ मागे, एक पुढे

१

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी गाळा नंबर चौदाचं शटर वर केलं आणि आत पाय टाकताच थबकलो. गाळा गप्प होता. चोवीस तास चिकचिक करणारा कॉम्प्रेसर बंद होता, आणि हवेत जळकट वास होता.

मी मनोज तरे, इथला स्टोअरकीपर. भिवंडीजवळच्या वळ गावात गोदामांची जी रांग लागली आहे, तिच्यात आमच्या उजवीकडे शाम्पूची खोकी आणि डावीकडे परत आलेले बूट. मधल्या गाळ्यात आम्ही चुंबक बनवतो. लोकांना खोटं वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळतात, त्यातून ऊर्जा निघते. तेच पृथ्वीवर करायचं तर वायू दहा कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्याचा प्लाझ्मा होतो. एवढं गरम काही ठेवायला भांडं कुठून आणणार? कुठल्याही भिंतीला तो टेकला तर भिंतीचं वाटोळं, आणि तोही विझणार. म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरून ठेवायचं, कुठेही टेकू द्यायचं नाही. मी बी.कॉम. माणूस, पण हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

ते चुंबक म्हणजे आमची सात नंबरची कॉईल. लग्नपत्रिकेच्या कागदापेक्षा पातळ टेप, तिच्या बारा चकत्या एकावर एक. उणे अडीचशे अंशांपर्यंत थंड केली की त्या टेपमधून वीज विनाअडथळा धावते; तो थंडावा कॉम्प्रेसर पुरवतो. शनिवारी दुपारी चार वाजता ही कॉईल पहिल्यांदाच पूर्ण ताकदीला नेली, बारा टेस्ला. ती तशीच चाळीस तास टिकवायची आणि पुढच्या सोमवारी प्लाझ्मा संस्थेच्या समितीला दाखवायची, असं ठरलं होतं.

आणि आता ती जळली होती.

आमच्या प्रमुख डॉ. करिष्मा भोईर पाच मिनिटांत आल्या. त्यांनी एक हात गार पडलेल्या कॉम्प्रेसरवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचा मेन स्विच दाखवला. मेन वर होता, दिवे लागत होते.

"मनोजदादा, वीज गेली की कॉम्प्रेसर बंद पडतो. वीज परत आली तरी तो आपोआप सुरू होत नाही, त्याचं बटण वेगळं दाबावं लागतं. म्हणजे मधे कोणीतरी मेन पाडला, आणि मग परत वर केला."

मी कंपाउंडमध्ये विचारून आलो. शनिवार-रविवारी कुठल्याच गाळ्याची लाईट गेली नव्हती.

"थंडावा थांबला, पण करंट बॅटरीवर चालूच राहिला. कॉईल तापत गेली आणि जळली," करिष्माताई म्हणाल्या.

"पण ताई, तो अलार्म? कॉईल तापली की करंट तोडणारा?"

"तोही बिघडला असणार," त्या म्हणाल्या आणि तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अलार्मने तसा त्रास दिलाच होता. गुरुवारी नुसती चाचणी करतानाही तो चार वेळा खोटाच बोंबलला होता. संगणकाकडूनही काही कळेना. शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला त्याने स्वतःला अपडेट करायला घेतलं आणि नोंद ठेवायचं सोडून दिलं.

"शनिवारी शेवटी कोण निघालं?" ताईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

२

शेवटी निघाली होती तुळजा.

तुळजा शेलार अंबाडीजवळच्या पाड्यावरची, कुणब्याची. पंधरा वर्षं भिवंडीत लूमवर काम केलेली. टेपचा ताण किती ठेवायचा हे यंत्र सांगतं, पण यंत्राच्या आधी तुळजाच्या बोटांना कळतं. टेपच्या आत चिनीमातीसारखा एक थर असतो. जरा जास्त वाकली की तो तडकतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. पहिल्या तीन कॉईल इंजिनिअर मुलांनी गुंडाळल्या, तिन्ही वाया गेल्या. चौथीपासून तुळजाने हात लावला आणि एकही चकती फुकट गेली नाही. मी स्वतः पाहिलंय. ती गुंडाळायला बसली की शिकलेली माणसं आवाज न करता मागे उभी राहतात.

पण तिच्यावर एक डाग होता. भिवंडीत आग लागायची ती शॉर्टसर्किटने, म्हणून लूमच्या कारखान्यात शेवटी निघणाऱ्याने मेन पाडायचाच, हा नियम अंगात भिनलेला. पहिल्याच महिन्यात तुळजाने निघताना सवयीने मेन पाडला होता. तेव्हा काही बिघडलं नाही, पण भिंतीवर 'मेन पाडू नये' अशी पाटी लागली.

ती साडेआठला आली तेव्हा ताईंनी विचारलं, "तुळजा, शनिवारी मेन पाडलास का?"

"न्हाय ताई."

"सवयीने झालं असेल. आठव."

"आठवून सांगते. पाटी वाचली, हात मागं घेतला, शटर वढलं, चावी फाटकावर दामूकाकाच्या हातात दिली. सा वाजले व्हते."

"मग मेन कोणी पाडला?"

"मना काय म्हाईत? मी न्हाय पाडला."

ताईंनी तिला घरी जायला सांगितलं. समिती येऊन जाईपर्यंत येऊ नकोस, असं म्हणाल्या, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. तुळजाने डबा पिशवीत घातला आणि ती निघून गेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी दारातच उभा होतो. मागून आवाज आला, "मनोज, ते भिंतीवरचं घड्याळ बघ रं. मागं हाय."

या गुणाबाई.

३

गुणाबाईंचं वय बासष्ट. चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, कापडाचे तागे तपासायचं. कापडातला दोष बघून त्या सांगायच्या, हे सतरा नंबरचं लूम, रात्रपाळी, आणि कारागीर त्या दिवशी बायकोशी भांडून आलेला. तिसरं थोडं जास्तीचं असेल, पण पहिली दोन खरी निघायची. आता त्या आमच्याकडे भिंग लावून टेप तपासतात.

घड्याळ लाल आकड्यांचं, विजेवर चालणारं. मोबाईलवर आठ पन्नास, घड्याळात आठ पंचवीस.

"जुनं झालंय, मावशी," मी म्हणालो.

"गुरुवारी मालकानं, केसरीनाथ शेठनं, सोताच्या घड्याळावरनं मिळवलं व्हतं. चार दिवसांत पंचवीस मिनिटं खाल्ली?"

दुपारी कॉईल उघडली. बारा चकत्यांपैकी पाचवी काळी पडली होती, बाकीच्या अकरा शाबूत. गुणाबाई पाचवीवर भिंग घेऊन अर्धा तास बसल्या.

"जळलंय ते मधल्या फेऱ्यांत. जोडाला डाग न्हाय. पोरीचा हात साफ हाय," त्या ताईंना म्हणाल्या.

"हाताबद्दल मी कुठे बोलतेय, गुणामावशी? मेनबद्दल बोलतेय."

"मी पन मेनचंच बगते आता."

त्याआधी अकराच्या सुमाराला केसरीनाथ पाटील येऊन गेले होते, ते सांगायचं राहिलं. गाळ्याचे मालक. जिथे आज हे गोदाम आहे तिथे दहा वर्षांपूर्वी त्यांचे चोवीस लूम होते, आणि गुणाबाई त्यांच्याकडेच कामाला होत्या. आमच्या चुंबकावर शेठचं आमच्याहून जास्त प्रेम. मानकोलीच्या नाक्यावर चहा पितानाही सांगतात, आमच्या जागेत सूर्य बनतो. ताई त्यांना जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत येऊ देत नाहीत, एवढंच त्यांचं दुखणं.

सोमवारी कॉईल जळल्याचं कळताच त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "तुळजाने मेन पाडला," असं ताई म्हणाल्या. शेठ दाराकडे वळले. मनगटावरच्या वडिलांच्या चावीच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "चला, सारेअकरा वाजले. मना मानकोलीला जायचंय."

माझ्या मोबाईलवर अकरा बारा झाले होते. मला त्यात विशेष वाटलं नाही. गुणाबाईंनी मात्र भिंग खाली ठेवलं होतं.

४

मंगळवारी गुणाबाई मला घेऊन फाटकावर गेल्या. तिथे वॉचमन दामू वही उघडून बसला होता.

"दामू, रविवारी चौदा नंबरला कोन आलं?"

"कोनी न्हाय. वही बगा, कोरी हाय."

"रात्री?"

"रात्री तर पान पन हललं न्हाय. मी जागा व्हतो, बाजूच्या गाळ्यात गाडी खाली व्हत व्हती."

"चावी?"

"तुळजानं दिली ती माज्या खिशात. सोमवारी मनोजभाऊंना दिली."

गाळ्याच्या चाव्या तीन. ही एक, एक करिष्माताईंकडे, आणि एक मालकाकडे, आग लागली तर म्हणून. ताई रविवारभर ठाण्याला बहिणीकडे होत्या. तुळजाकडे चावी नव्हतीच. राहिले दामू आणि शेठ. आणि मी, पण मी रविवारी कुठे होतो ते माझ्या बायकोला विचारा, माळ्यावरची भांडी घासत होतो.

गुणाबाई वही चाळत होत्या. "दामू, शेठ आले तर नाव लिवतोस का रं?"

दामूला प्रश्नच कळला नाही. "मालकाचं नाव वहीत कोन लिवतं, बाई? वही बाहेरच्यांसाटी असते."

"मग रविवारी शेठ आले व्हते?"

"ते विचारा की मग," दामू म्हणाला. "आले व्हते. दोन गाड्या. मला वाटलं तुमी बाहेरच्यांचं विचारता."

मी चाट पडलो. दामू खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी मालक म्हणजे 'कोणीतरी' नव्हताच.

पण परत येताना माझा उत्साह मावळला. "मावशी, शेठ आले म्हणून तुळजा सुटत नाही. तिने शनिवारी मेन पाडला असेल. शेठ रविवारी आले, अंधार दिसला, त्यांनी तो वर केला. ताई हेच म्हणतील."

"म्हनू दे की," गुणाबाई म्हणाल्या. "तू फकस्त चार वाजता सगळ्यांना बोलव. शेठना सांग, घड्याळ घालून या."

५

चार वाजता आम्ही कॉईलपाशी जमलो. करिष्माताई, शेठ, दामू, मी. गुणाबाई स्टुलावर बसल्या.

"शेठ, किती वाजले?"

केसरीनाथ शेठनी घड्याळ पाहिलं. "सवाचार."

"मनोज?"

"चार वाजून एक मिनिट," मी मोबाईल पाहून म्हणालो.

"सकाळी आकाशवानीवर लावलंय," शेठ चपापून म्हणाले. "बापाचं घड्याल हाय, चाळीस वर्षांत मिनिट चुकला न्हाय. कालपासनं काय झालंय कलत न्हाय."

"मला कळतंय. मी इथं लागले त्या पयल्या आठवड्यात माजं पन असंच धावत सुटलं व्हतं. मंडईजवळच्या घड्याळजीनं सांगितलं, बाई, चुंबक लागलंय. आतली केसासारखी स्प्रिंग असती, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, आनि घड्याळ पुढं पळतं. म्हनून तर आपन पट्ट्याच्या आत जाताना घड्याळं, मोबाईल, पिना समदं डब्यात ठेवतो." गुणाबाईंनी शेठकडे पाहिलं. "तुमाला ते कुनी सांगितलं न्हाय, कारन तुमाला आत कुनी सोडलंच न्हाय."

शेठनी मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

"गुरुवारी तुमचं घड्याळ बरोबर व्हतं. त्याच्यावरनं हे भिंतीवरचं मिळवलंत. कॉईलला पुरा जोर आला शनिवारी चारला, त्याच्या आधी ती थंड लोखंडासारखी पडली व्हती. शनिवारी तुमी इथं न्हवता. सोमवारी आलात तवा कॉईल मेलेली. मग चुंबक लागलं कवा? मधे एकच येळ हाय. रविवारी."

करिष्माताई एकदम सरळ उभ्या राहिल्या. त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं होतं. "म्हणजे रविवारी कॉईल जिवंत होती."

"हां ताई. तुळजानं शनिवारी सा वाजता मेन पाडला असता तर रातीतच कॉईल मेली असती, आनि शेठचं घड्याळ आज बरोबर चाललं असतं. ज्यानं ते बिघडवलं, त्यानंच पोरीला सोडवलं."

बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता.

"आता भिंतीवरचं," गुणाबाई पुढे म्हणाल्या. "हे इजेवरचं. लाईट गेली की इझतं आनि आली की बारापासनं सुरू व्हतं. पंचवीस मिनिटं मागं हाय, म्हंजे लाईट परत आली तवा खरे बारा पंचवीस झालेले. रातीचे न्हाय, दामू जागा व्हता. दुपारचे. शेठ, रविवारी जेवायला कवा बसलात?"

"एक वाजता," केसरीनाथ शेठ हळूच म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. एवढ्या मोठ्या माणसाला मी असं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पूर्वीचे सासरचे आलते," ते म्हणाले. पूर्वी त्यांची मुलगी, तिचं लग्न ठरलं होतं. "जावई इंजिनिअर. मी म्हनलं, चला, तुमाला असं काय दाखवतो जे तुमच्या गावात न्हाय. जवळ नेलं. खिशातली पिन काढली, आनि ती हातातनं अशी वढली गेली. व्याही म्हनाले, पाटील, तुमचं नशीब, सूर्य तुमच्या दारात. मना काय वाटलं ते तुमाला सांगता येनार न्हाय. निघताना याच जागी मी वीस वर्षं मेन पारलाय, हात आपोआप गेला. गारीत बसलो आनि ध्यानात आलं. धावत येऊन वर केला. पाच मिनिटं पन न्हवती. दिवे लागले, मना वाटलं भागलं."

"आणि सोमवारी?" ताईंनी विचारलं. "मी तुळजाचं नाव घेतलं तेव्हा?"

"तेव्हा तोंड उघडलं न्हाय," शेठ म्हणाले. "व्याह्यांसमोर नाक कापलं जाईल म्हनून. त्यात दुसरं काही न्हाय, सांगन्यासारखं."

त्यांनी आत्ताच अंबाडीला जाऊन तुळजाच्या पाया पडतो म्हटलं. गुणाबाईंनी मान हलवली.

"तुमी मागनं जा. मेन तुमी पाडला, पन नुसता मेन पडला म्हनून कॉईल जळायला नको व्हती. अलार्म वाजला असता तर वाचली असती." त्या भिंग पुसत होत्या, वर न बघता. "अलार्मचं मी कुनाला इचारनार न्हाय. माजं काम दोष दाखवायचं, कारागिराचं नाव त्यानं सोता सांगायचं."

पाच मिनिटांनी करिष्माताईंनी गाडीची किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या, "दादा, मला अंबाडीचा रस्ता दाखवाल?"

६

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट त्याच्यावर करायचा नाही. शनिवारपर्यंत पाचवी चकती नवी गुंडाळून झाली. पुढच्या सोमवारी समितीसमोर काटा बारा टेस्लावर गेला, आणि समितीतले पांढऱ्या केसांचे शास्त्रज्ञ अर्धा तास एक शब्द न बोलता बघत बसले. मीही बघत होतो. तिथे दिसत काहीच नाही. एक गप्प टाकी आणि एक आकडा. पण ज्याला कुठलंही भांडं पुरत नाही ते अधांतरी धरण्याइतका जोर वळच्या एका गाळ्यात, शाम्पू आणि बुटांच्या मधे उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पण त्या मंगळवारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. आम्ही अंबाडी नाक्यावरून आत वळलो तेव्हा साडेपाच झाले होते. तुळजा अंगणात भाताची साळ पाखडत होती. आम्हाला पाहून उठली नाही.

करिष्माताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. सगळं सांगितलं. दोन घड्याळं, शेठ, व्याही. चूक झाली, परत ये, तुझ्याशिवाय ती चकती होणार नाही. तुळजा ऐकत होती, सूप हलवत होती.

"ताई, मना दुसरीकडं काम मिळालंय. मानकोलीला खोकी चिकटवायचं. उद्यापासनं ड्युटी."

"तुझे हात खोकी चिकटवायला नाहीत गं."

"ते हात सोमवारी पन माजेच व्हते." तिने सूप खाली ठेवलं. "येक सांगा. पयल्या महिन्यात मेन पाडला व्हता, तवा तुमच्याकडं कोन आलं सांगायला? मीच आले व्हते ना? मग आता पाडला असता तर मी लपवीन, असं तुमाला का वाटलं?"

मी बैलाच्या गोठ्याकडे बघायला लागलो. अशा वेळी स्टोअरकीपरने कुठेतरी बघावं.

करिष्माताईंनी अंगणातला भाताचा एक दाणा उचलला. मग म्हणाल्या, "कारण मी लपवत होते."

तुळजाने वर पाहिलं.

"अलार्म बिघडला नव्हता. गुरुवारी तो सारखा खोटा वाजत होता. शनिवारीही वाजला तर चाळीस तास मोडतील, समितीला काय दाखवू, असं वाटलं. म्हणून तो मी माझ्या हाताने बंद केला. कोणाला सांगितलं नाही. सोमवारी कॉईल जळलेली पाहिली आणि माझी दातखीळ बसली. तू म्हणालीस मी नाही पाडला, आणि मला वाटलं, हिलाही माझ्यासारखीच भीती वाटत असेल, म्हणून बोलत नाही. मी तुला नाही गं ओळखलं. स्वतःलाच ओळखलं आणि तुला घरी पाठवलं."

"समितीला सांगाल हे?"

"पहिल्या वाक्यात सांगेन." आणि त्यांनी सांगितलंही.

तुळजाने ताईंच्या कुर्त्यावर उडालेला कोंडा झटकला. मग दाराशी जाऊन पिशवी घेऊन आली.

"म्हंजे तुमी पन घाबरल्या व्हत्या," ती म्हणाली.

"हो."

"मंग तवाच सांगायचं ना, ताई. दोघी मिळून घाबरलो असतो."